लायलच्या जीपचा तळ

मला एका जागी बसता येत नाही. लहानपणापासूनचं आहे ते. चर्चमध्ये माझा गुडघा हलत असायचा आणि आई शेजारून चिमटा काढायची. पण त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये मी जी काही नाचले, तशी उभ्या जन्मात नाचले नाही. कॉफी ओतायची आणि प्यायला विसरायची. रात्रीचं जेवण उभ्याने, सिंकपाशी. शेजारीण म्हणाली, "नोरीन, अगं जरा टेक." मी तिला जे म्हणाले ते इथे लिहीत नाही.

याला कारण लायल. माझा थोरला भाऊ. ईस्टरच्या जेवणाला हॅम कापता कापता तो मान वर न करता म्हणाला, "यंदा मेमोरियल डेच्या परेडला मी जाणार. गाडीतून. आपल्या गाडीतून."

मेमोरियल डे म्हणजे मेचा शेवटचा सोमवार, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा; त्या दिवशी गावाची परेड कबरस्तानापर्यंत जाते. लायल व्हिएतनामहून परत आला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. एवढ्या वर्षांत तो एकदाही परेडमध्ये गेला नव्हता. गावातले बाकीचे जुने शिपाई बँडच्या मागे छाती काढून चालायचे, आणि हा पशुखाद्याच्या दुकानाच्या भिंतीला टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून उभा. परेड कबरस्तानाकडे वळली की हा घराकडे वळायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ऊन लागतं."

आणि आता त्याच्या फुफ्फुसांचं पार भुसकट झालं होतं. नाकात नळी, बरोबर प्राणवायूचा सिलेंडर, जाईल तिथे कुत्र्यासारखा ओढत न्यायचा. पुढच्या वर्षीच्या परेडबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो. न बोलताच ठरलं होतं ते. जायचं तर यंदाच.

अडचण एवढीच होती की आपली गाडी म्हणजे दोन अर्ध्या गाड्या होत्या.

लायलने तिकडे चालवली तशी जीप धड मिळतच नाही. लष्कराने त्या मोडीत काढल्या तेव्हा मधोमध कापून मगच भंगारात दिल्या, म्हणजे पुन्हा कुणी रस्त्यावर आणू नये. व्हर्जिलने आम्हाला पुढचा अर्धा भाग केंटकीच्या एका भंगारवाल्याकडून आणून दिला. मागचा अर्धा आमच्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याकडे निघाला, त्याने तो ट्रॅक्टरला जोडून त्यातून डुकरं वाहिली होती. व्हर्जिल म्हणजे आमच्या जुन्या लष्करी गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष. पोट पट्ट्याच्या बाहेर, आणि गाडीचा कुठला स्क्रू कुठल्या साली बदलला ते तोंडपाठ.

या जीपला वेगळी चौकट नसते. तळाचा पत्रा हाच तिचा कणा. तो धड नसेल तर गाडी मधेच बसते. आणि आमच्या तळाची डुकरांच्या मुताने नुसती चाळणी झाली होती. तयार तळ कुठे मिळत नाही. तो करावा लागतो. तो मी करते. बाबांचं पत्र्याचं दुकान आता माझं आहे. पोटासाठी मी घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्यांच्या नळ्या आणि धान्याच्या कोठ्या करते, आणि जिवासाठी ह्या गाड्यांचे भाग. इंडियानापासून पार ओरेगॉनपर्यंत लोक मला सडलेला तुकडा खोक्यात घालून पाठवतात आणि म्हणतात, बाई, असाच दुसरा कर. मी करते. तस्सा करते. फॅक्टरीतून निघाला तसा. त्याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून लायल दुकानात येऊन बसायला लागला. बादली पालथी घालायची, तिच्यावर बसायचं, नि माझ्या पाठीत डोळे खुपसायचे.

"झाला?"

"आत्ता तर आखणी चाललीये."

"काल पण आखणीच चालली होती."

"काल मोजमाप चाललं होतं. तुला कळत नाही तर गप बस ना."

"बुटके, मी मेल्यावर बसवणार आहेस का तो तळ?" तो मला लहानपणापासून बुटके म्हणतो. मी त्याच्यापेक्षा इंचभर उंच आहे तरीही.

लष्कराने जीप कापताना मधली पट्टी गॅसच्या ज्वाळेने खाऊन टाकलेली असते. किती खाल्ली ते कुणी लिहून ठेवत नाही. त्यातून दोन अर्धे दोन वेगळ्या गाड्यांचे. मी पुढून मोजलं की मागे जुळेना, मागून मोजलं की पुढे. शेवटी व्हर्जिलच्या ओळखीच्या माणसाकडे एक अखंड जीप होती, तिच्याखाली उताणी पडून मी सगळी मापं पुठ्ठ्यावर उतरवून आणली. मग पत्रा कापला. मग त्याला पन्हळी पाडायच्या. सपाट पत्रा पायाखाली ढबढब वाजतो, वाकतो. पन्हळी पाडल्या की त्याला ताठपणा येतो. यंत्राच्या दोन चाकांच्या मधून पत्रा सरकवायचा, एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने पत्रा धरायचा, श्वास रोखायचा. हात जरा हलला की पन्हळ तिरकी.

पहिल्या तळाची एक पन्हळ तिरकी गेली. केसभर. मी तो उचलून भंगारात टाकला.

लायल बादलीवरून उठलाच. "अगं बाई! काय केलंस हे? कुणाला दिसणार होती ती?"

"मला दिसली असती."

"मग तूच बस गाडीत. मी तोवर मरतो."

"मर. पण तळ सरळ झाल्यावर मर."

तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबेचना. मी हातातला हातोडा धरून नुसती उभी. काय करायचं कळत नाही अशा वेळी. मग मी दुसरा पत्रा कापायला घेतला, कारण तेवढंच मला कळत होतं.

दुसरा मात्र जमला. अहाहा, काय सांगू! सगळ्या पन्हळी एका ओळीत, टोकं गोल, वेल्डिंगचे ठिपके जुन्या पत्र्यावर होते तितक्याच अंतरावर. दोन्ही अर्धे त्याच्यावर बसले तेव्हा असा आवाज आला की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तरी मला चैन नव्हतं. इंजिन व्हायचं होतं, ब्रेक व्हायचे होते, रंग वाळायचा होता, आणि लायलचा सिलेंडर आता दिवसाआड बदलावा लागत होता. मी झोपेतसुद्धा नट पिळत होते.

लायलची एक जुनी सवय इथे सांगायला हवी. त्याच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखाली एक लष्करी कांबळं असायचं, चांगली जाडजूड घडी केलेलं. जुलैच्या उकाड्यातसुद्धा. आणि माझ्या गाडीत बसला की पाय वर उचलून, गुडघ्यांना मिठी मारून बसायचा. आम्ही सगळे चिडवायचो. "म्हातारबा, पाय गारठतात वाटतं?" मी म्हणायचे. तो म्हणायचा, "हो." बस्स. एवढंच.

परेडच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, गाडी तयार झाली. व्हर्जिल कॅमेरा घेऊन आला. दुकानाचं मोठं दार सताड उघडं, रेडिओवर इंडियानापोलिसची मोटारींची शर्यत, आणि मधोमध ती हिरवीगार जीप. व्हर्जिल वाकला, तळावरून बोट फिरवलं आणि हळूच शीळ घातली.

"नोरीन, जुलैच्या प्रदर्शनात हा तळ पहिला येणार. लिहून ठेव. त्यावर काही म्हणजे काही ठेवू नको हं, सतरंजी नाही, डबा नाही. लोकांना बघू दे."

माझ्या तोंडावरचं हसू आवरेना. खोटं कशाला बोलू.

"चल लायल, चढ," मी म्हणाले. "स्टिअरिंगवर बसवून फोटो काढू."

लायल सिलेंडर ओढत आला. मी सिलेंडर मागच्या सीटवर बांधला. त्याने गाडीच्या कडेला धरलं, एक पाय आत टाकला, सीटवर बसला. दुसरा पाय आत घेतला. आणि बूट पत्र्याला टेकला न टेकला तोच झटकन बाहेर आला. भाजल्यासारखा.

"काय झालं?"

"काही नाही. सीट जरा पुढे आहे."

मी सीट मागे घेतली. तो पुन्हा चढला. कपाळावर घाम. पाय खाली सोडले, ते पत्र्यापासून चार बोटं वर तरंगत राहिले. मग तो नाकातली नळी काढून पुन्हा बाहेर आला आणि दुकानाच्या दारात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"गोण्या हव्यात," तो म्हणाला.

"कसल्या गोण्या?"

"वाळूच्या. तळावर. दोन्ही बाजूंना. आम्ही अशीच चालवायचो, वाळू भरून. उघड्या पत्र्यावर कुणी पाय ठेवत नव्हतं."

व्हर्जिल खाकरला. "लायल, गड्या, क्लबच्या नियमात गाडी फॅक्टरीतून निघाली तशी लागते."

"फॅक्टरीतून निघाली तेव्हा मी तिच्यात नव्हतो," लायल म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आता मला कळतं, पण तेव्हा गेली. "लायल, डोकं ठिकाणावर आहे का? परवा वाळलाय रंग! त्याच्यावर वाळू? ओली वाळू पन्हळीत बसली की महिन्यात गंज. दोन वेळा केला मी हा तळ! आणि तू म्हणतोस तो झाकून टाक?"

"हो. झाक."

"कुणी बघणारसुद्धा नाही मग!"

"नोरीन." त्याने मला नावाने हाक मारली. तो मला नावाने हाक मारत नाही.

मी हात वर केले. "बरं बाबा, बरं. तुझी गाडी. भरू गोण्या. पण आता नाही, माझी पाठ मोडलीये. उद्या सकाळी उठून भरू. परेड दहाला आहे, खूप वेळ आहे. उद्या भरू."

लायल वळला. मी त्याचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. तो आजारी होता, पांढरा तर होताच, पण हे वेगळं होतं.

"उद्या नाही," तो म्हणाला. "उद्या म्हणू नकोस."

"अरे, काही तासांचा तर..."

"पचेको पण हेच म्हणाला होता."

पचेको हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. लायल दाराच्या चौकटीला टेकला आणि बोलायला लागला, दर दोन शब्दांनी थांबून, कारण श्वास पुरत नव्हता. पचेको न्यू मेक्सिकोचा. जीपमध्ये लायलच्या शेजारी बसायचा. रेडिओ त्याच्याकडे. पाऊस एवढा की गोण्या कुजायच्या. त्या दिवशी पचेकोच्या बाजूच्या गोण्या फाटून वाळू सगळी वाहून गेली होती. संध्याकाळी दोघं परत आले, चिखलाने भरलेले, उपाशी. लायल म्हणाला, तुझ्या गोण्या भरायला हव्यात. पचेको म्हणाला, मरू दे, उद्या भरू. लायल म्हणाला, बरं.

"पहाटेच बोलावणं आलं," लायल म्हणाला. "पुलाच्या अलीकडे चाक सुरुंगावर गेलं. माझ्या पायाखाली गोण्या होत्या. माझ्या बाजूला होत्या, कळलं का?"

व्हर्जिलने रेडिओ बंद केला. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं.

मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. मला त्या कांबळ्याची आठवण झाली. गारठतात का पाय, म्हातारबा? आणि तो म्हणायचा, हो. चाळीस वर्षं. मी पाना खाली टाकला आणि म्हणाले, "व्हर्जिल, वाळू कुठे मिळेल? आत्ता."

रविवार. सगळी दुकानं बंद. व्हर्जिल डोकं खाजवत राहिला, मग म्हणाला, "नातवंडांचा वाळूचा हौद आहे अंगणात." गोण्या त्याच्याकडेच होत्या, खऱ्या लष्करी, प्रदर्शनात तोफेभोवती रचायला ठेवलेल्या. आम्ही त्याच्या अंगणात उकिडवे बसून वाळू भरली. वाळूत प्लॅस्टिकची बदकं निघाली, एक चमचा, एक लाल ट्रक. व्हर्जिल ती बाजूला ठेवत होता आणि पुटपुटत होता, "नियम गेला खड्ड्यात, नियम गेला खड्ड्यात." लायल खुर्चीत बसून गोण्यांची तोंडं बांधत होता. त्याची बोटं अजून ती गाठ विसरली नव्हती. मी त्याला शिकवायला गेले तर त्याने माझ्या हातावर चापट मारली. व्हर्जिलने एकीकडे लाल ट्रक पँटला पुसून खिशात टाकला. मी म्हटलं, "तो नातवाचा आहे ना?" तो म्हणाला, "माझाच होता आधी." ढीगभर गोण्या झाल्या. हौद रिकामा झाला.

दुकानात आल्यावर लायल म्हणाला, "बाहेर व्हा दोघं. रचणार मी."

"तुला एक गोणी उचलवत नाही!"

"बुटके, बाहेर."

आम्ही बाहेर उभे राहिलो. आतून त्याचा श्वास ऐकू येत होता, सूं सूं, मग गोणी सरकल्याचा आवाज, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग पुन्हा सूं सूं. मी तीनदा दाराला हात लावला आणि तीनदा व्हर्जिलने माझी कॉलर धरली. ऊन कलायला लागलं तेव्हा लायलने हाक मारली. शेजारच्या सीटपुढे गोण्या रचल्या होत्या, एकावर एक, घट्ट, कोपरे जुळवून. मी पन्हळी जुळवते तशा. त्याच्या स्वतःच्या बाजूला पिकअपमधलं कांबळं जाडजूड घडी करून अंथरलेलं होतं.

"तुझ्या गोण्यांवर कांबळं का?" मी विचारलं.

"पॅडलवरून बूट सरकू नये म्हणून. वाळूचे कण येतात खाली."

बाहेर एकही गोणी उरली नव्हती. मी मान डोलावली. मलाही लगेच घरी जाऊन पडायचं होतं.

सकाळी व्हर्जिल गणवेश घालून, इस्त्री करून हजर. ठरलं होतं की लायलच्या शेजारी तो बसणार. लायल म्हणाला, "ती बसेल."

"मी? मी कशाला? मी कुठे शिपाई होते?"

"तू बसशील."

व्हर्जिल मला म्हणाला, "बस बाई, वाद नको." आणि मागच्या सीटवर सिलेंडरला मिठी मारून बसला.

मी चढले. गोण्या एवढ्या उंच की माझे गुडघे हनुवटीला लागले. बेडकासारखी बसले होते अगदी. सगळं गाव रस्त्याच्या कडेला, घडीच्या खुर्च्या, लिंबू सरबत, हातात छोटे झेंडे. पुढे अग्निशमन दलाची गाडी, मग शाळेचा बँड, मग आम्ही. मला वाटत होतं इंजिन बंद पडणार, ब्रेक लागणार नाहीत, तळ मधेच बसणार. माझं सगळं लक्ष आवाजाकडे. लायल समोर बघून चालवत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नाकाखाली नळी, टोपी मागे सारलेली. टोपी मागे सारून त्याचं कपाळ मी कितीतरी वर्षांनी पाहिलं.

लोक टाळ्या वाजवायला लागले. आधी एकदोघं, मग सगळे. कुणीतरी ओरडलं, "लायल!" पशुखाद्याचं दुकान आलं. भिंतीपाशी कुणी नव्हतं. लायलने तिकडे एकदा बघितलं आणि गिअर बदलला. मला हुंदका आला तो मी खोकल्यासारखा केला. आमच्या घरात खोकला खपून जातो.

कबरस्तानाच्या फाटकात गाड्या थांबल्या. बिगुल वाजणार होता, सगळे उतरत होते. लायलने इंजिन बंद केलं, कडेला धरून एक पाय बाहेर काढला. बूट कांबळ्यात अडकला आणि कांबळं त्याच्या मागोमाग खाली ओढलं गेलं.

खाली गोणी नव्हती. एकही नव्हती. नुसता माझा तळ, हिरवा, कोरा, पन्हळी सगळ्या एका ओळीत, आणि त्याच्यावर त्याच्या टाचांचे दोन धुळीचे ठसे, कांबळं अंथरायच्या आधीचे.

मी बघतच राहिले. मग माझ्या पायांखालच्या ढिगाकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"लायल. तुझ्या गोण्या कुठायत?"

"पुरल्या नाहीत."

"अरे, हौदभर भरल्या होत्या!"

बिगुलवाला ओठ पुसत होता. लायलने कांबळं उचललं, झटकलं, पुन्हा आपल्या बाजूला नीट अंथरलं. मी उतरायला म्हणून पाय बाहेर काढला तर त्याने माझा गुडघा धरला.

"बसून ऐक," तो म्हणाला. "आणि घरी पोचेपर्यंत पाय वरच ठेव, बुटके."

मी, जिला एका जागी बसता येत नाही, गुडघे हनुवटीला लावून, तोंड मिटून, घरापर्यंत तशीच बसले.